बियाचं घोसाळं

परसातल्या वेलावर एक घोसाळं असं असायचं, ज्याला कोणी हात लावायचा नाही. बहुधा सुरुवातीच्या बहरातलं, चांगलं लांब, निरोगी. खूण म्हणून देठाला चिंधी बांधलेली. पोरांना दम दिलेला असे, ‘ते बियाचं आहे, तोडायचं नाही.’ कोकणात तवशाचं तेच, देशावर दुधी-भोपळ्याचं तेच. आज भाजीला काय, ही रोजची विवंचना असलेल्या घरातसुद्धा वेलावरचं उत्तम फळ आपण खायचं नाही, पुढच्या मृगासाठी राखायचं, हा नेम सहसा मोडत नसे.

ते घोसाळं वेलावरच वाळायचं. हिरव्याचं पिवळं, मग तपकिरी, हाताला अगदी हलकं. हलवलं की खुळखुळायचं. खालच्या टोकाचं टोपण अंगठ्याने उडवलं की चपट्या काळ्या बिया परातीत भराभर सांडत. साल सोलून आतली जाळी न्हाणीत अंग घासायला जाई. बिया राखेत घोळून गाडग्यात आणि गाडगं चुलीच्या धुराच्या वाटेवर, म्हणजे किडीची भीती नाही. मूठभर बिया शेजारी दिल्या जात. एखाद्या वर्षी अति पावसात आपला वेल कुजलाच, तर तेच बी शेजारून परत मिळे.

परसबागेचा विषय निघाला की आपण जागेबद्दल हळहळतो. वाडे गेले, परसं गेली. खरंच गेली. न्हाणीचं सांडपाणी अळूला आणि केळीला जाई, तेही गेलं; आजच्या वॉशिंग मशीनचं पाणी मी तरी अळूच्या मुळाशी सोडणार नाही. पण जागेचं कोडं लोकांनी कधीच सोडवलं आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या-फळं पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यावर बाग उभी केली. माती शहरात तयार करता येते. ऊनही कुठल्या ना कुठल्या कठड्यावर सापडतं. आपल्या हातून खरं निसटलं ते बी.

आजची गच्चीवरची बाग पाकीट फोडून सुरू होते. ते बहुधा संकरित, एफ-१ बियाण्याचं असतं. फळं भरपूर, एकाच मापाची, तक्रारीला जागा नाही. मात्र त्याच फळाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, तर एक वेल आज्यावर जातो, दुसरा पणजीवर. पहिल्या पिढीतला एकसारखेपणा पुढे टिकत नाही. त्यामुळे हंगाम संपला की पुन्हा दुकान. आणि बी धरायचंच नाही म्हटल्यावर एक फळ वेलावर राखायचं तरी कशाला? आपण सगळंच खाऊन टाकतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नेमकं हेच टोक हाती धरलं. नातू सारखा आजारी पडतो, तो या नव्या भाज्यांमुळेच, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी गावठी बी जमवायला सुरुवात केली. वाल-घेवड्याचेच कितीतरी प्रकार त्यांच्या घरातल्या बियाणे बँकेत आले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पूर्वी घरोघरी गाडग्यात जे मुकाट्याने होत होतं, ते करणारं माणूस आता इतकं दुर्मीळ झालं आहे.

गावठी बी म्हणजे सगळं गोडच, असंही नाही. घरच्या दुधीचा रानटी वेलाशी संकर झाला तर पुढच्या पिढीत कडू दुधी निघतो, आणि तो नुसता बेचव नसतो, विषारी असतो. म्हणून चिरण्याआधी टोकाची चकती जिभेला लावून पाहायची, आणि कडू निघालेल्या वेलाचं बी कधी धरायचं नाही. बी राखणं म्हणजे निवडणंही होतं, आणि ती निवड बायकांच्या जिभेवर चालत असे.

सातव्या मजल्यावर आणखी एक पंचाईत आहे. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्यावर यायचे ते पतंग तिथवर फारसे फिरकत नाहीत. मग पुढचं काम आपलं. लांब नुसत्या देठावरचं नराचं फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि बुडाशी इवलासा दुधी असलेल्या मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. दोनचार दिवसांत ते पिल्लू पिवळं पडून गळलं नाही, तर जमलं म्हणायचं. ऑफिसातून थकून आलेली माणसंही हे काम लाडाने करतात, आणि मग तो एकुलता एक दुधी पहिल्याच आठवड्यात कोवळा म्हणून चिरतात!

ज्यांना वेलाचा व्याप नको त्यांच्यासाठी कोथिंबीर आहे. मिसळणाच्या डब्यातलेच धणे घ्यावेत, लाटण्याखाली हलके रगडून दोन फाका कराव्यात आणि पेरावेत. भाजलेले नसले की बहुधा उगवतात. ऊन वाढलं की कोथिंबीर तुरे काढते, पांढरी बारीक फुलं येतात. तेव्हा ती निकामी झाली म्हणून उपटली जाते. चार काड्या तशाच राहू दिल्या तर त्यांच्यावर हिरवे धणे धरतात, वाळतात, आणि पुढच्या पेरणीपुरते डब्यात परत जातात.