प्रारब्धाची हद्द

काम का झाले किंवा का फसले हे सांगताना मराठी माणूस आजही दोनच शब्दांकडे वळतो : नशीब आणि जिद्द. कर्मसिद्धान्ताने याच भांडणाची वाटणी लावून दिली होती. जन्मोजन्मीचा साठा ते संचित, त्यातले भोगायला सुरुवात झालेले ते प्रारब्ध आणि आत्ता हातून घडते ते क्रियमाण. माणसाच्या इच्छेला वाव या शेवटच्या वाट्यात. तो वाटा केवढा, हा प्रश्न पवना-इंद्रायणीच्या पट्ट्यात, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीच्या मुलखात, गेली चारशे वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे.

१६३० च्या दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, घरात मृत्यू झाले. हे सारे प्रारब्धाच्या खात्यात टाकून बसता आले असते. परंपरा वेगळे सांगते. लोकांकडून येणे असलेली कर्जखते त्यांनी भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळ त्यांनी आणला नव्हता. येणे सोडण्याचा निर्णय मात्र पूर्णपणे त्यांचा होता. पुढे त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवायची पाळी आली, तेव्हा ते तेरा दिवस काठावर धरणे धरून बसले, असेही सांगतात. एकदा कागद आपखुशीने पाण्यात गेले, एकदा सक्तीने. इच्छाशक्ती म्हणजे काय हे समजायला या दोन प्रसंगांतला फरक पुरेसा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच इच्छा राज्यसत्तेसमोर उभी राहिली. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ रोजी चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. तिघेही भाऊ फासावर गेले. कृत्याबद्दल मतभेद होतील, पण परकी राजवट हे दैव नव्हे, हे त्यांनी प्राणांनिशी सांगितले.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत ही गाठ सोडवली टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून आले. त्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. क्रियमाण हा वेगळा वाटा त्यांना मान्य नव्हता. भोग सुरू झालेले कर्म आणि न झालेले कर्म, एवढेच दोन भाग ते मानतात. मग स्वातंत्र्य कुठे? आत्मा मुळात स्वतंत्र, पण देह आणि इंद्रियांच्या साधनांनीच त्याला काम करावे लागते. कारागीर कितीही कुशल असला तरी हत्यारांवाचून त्याचे अडते, आणि हत्यार बिघडले तर आधी तेच नीट करण्यात वेळ जातो. भोसरीतल्या टूलरूममध्ये डायला धार लावत बसलेल्या फिटरला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही.

या मांडणीत एक मोठी उणीव राहिली होती, आणि ती डॉ. आंबेडकरांनी भरून काढली. जात हे मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ, असे ज्यांना शिकवले गेले, त्यांना निव्वळ जिद्द बाळगायला सांगणे क्रूर होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. नागपूरचे बौद्ध धर्मांतर अजून जवळपास दोन वर्षे लांब होते. पुढे आपल्या बुद्धचरित्रग्रंथात त्यांनी गतजन्माच्या कर्माचा वारसा नाकारला. त्यामुळे प्रारब्धाची हद्द मागे सरकली ती एका माणसापुरती नव्हे, तर संपूर्ण समाजासाठी.

१९५४ मध्येच पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली, आणि जिद्द हा शब्द कारखान्यात शिरला. या मुलखातले त्याचे सर्वांत लख्ख उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून हा जवान कायमचा अपंग झाला. पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. पोहणे सुरू झाले होते ते उपचार म्हणून, आणि परदेशवारीला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार होता. ही बाजू सांगितल्याने त्यांचे कर्तृत्व उणे होत नाही. टिळकांची हत्यारांची गोष्ट इथेही लागू पडते.

कारखान्यातही इच्छेच्या हाती असे एक हत्यार दिलेले असते. गाड्यांच्या अनेक असेंब्ली लाइनवर जपानी पद्धतीने एक दोरी टांगलेली असते. बोल्ट नीट बसला नाही असे दिसले, तर कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर लाइन थांबते. एका माणसाच्या निर्णयाला यंत्राच्या वेगाहून मोठे मानणारी ही व्यवस्था आहे. दोरी ओढायची मुभा कायम कामगाराला आणि कंत्राटी पोराला सारखीच असते. पण काही महिन्यांनी ज्याचा करार संपणार आहे, ज्याची खोलीवरची भाड्याची वाटणी थकली आहे आणि ज्याच्या जागी घ्यायला गेटबाहेर दुसरी पोरे उभी आहेत, तो दोरीकडे हात नेण्याआधी एकदा सुपरवायझरच्या तोंडाकडे बघतो.