शेजाऱ्याची प्रार्थना

खाटेवर तापाने फणफणलेला माणूस आहे. औषध देऊन झाल्यावर नर्स विचारते, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ ‘नको’ म्हणायचे बळ त्या घटकेला त्याच्या अंगात असते का? मिशनऱ्यांच्या सेवेबद्दलचे बहुतेक वाद फिरून याच खाटेपाशी येतात.

यावर सोपे उत्तर दिले जाते: सेवा करा, प्रार्थना घरी ठेवा. पण ज्याची सेवा प्रार्थनेतूनच उगवते, त्याला असे सांगणे म्हणजे अर्धाच माणूस दारात बोलावणे. शिवाय दुसऱ्याच्या देवाच्या दारी जाऊन मागणे मागण्याचा नागपूरकरांना कधी संकोच वाटला नाही. ताजबागेत ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावर नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात. तेव्हा अडचण प्रार्थनेची नाही. देणाऱ्याच्या हाती औषध, शाळा, पैसा असतो आणि घेणारा गरजू असतो, अडचण तिथे आहे.

म्हणून स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे जरा निरखून पाहावे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे हे तरुण मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. ते आले होते ख्रिस्ताची वार्ता सांगायला, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. पण त्यांनी ऐकलेही. नागपूर परिसरातले दगड, जीवाश्म, शिलावर्तुळे यांचा त्यांनी अभ्यास केला, तशीच गोंडांची गाणी गोळा केली. प्रधानाच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाच्या, तोंडून त्यांनी लिंगोची दीर्घ कथा उतरवून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवणारा, त्यांना देव आणि रीत देणारा हा लिंगो. धर्म बदलायला आलेला माणूस शेजाऱ्याचे पुराण त्याच्याच भाषेत लिहून घेत होता! ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटकडची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून लिंगोची ती कथा ग्रंथात आली. हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने १८८३ मध्ये उभे राहिले. पण कॉलेजच्या इमारतीपेक्षा ती उतरवून घेतलेली कथा मोठी वाटते. शेजाऱ्याचे ऐकून घेणाऱ्यालाच त्याच्यासोबत प्रार्थना करण्याचा थोडाफार अधिकार मिळतो, आणि त्याने नकार दिल्यावरही शाळेचे दार उघडे राहिले, तरच तो अधिकार टिकतो.

व्हेरिअर एल्विन हिस्लॉप यांच्याही पुढे गेले. ते अँग्लिकन धर्मगुरू आणि गांधीजींचे चाहते. जमनालाल बजाजांनी त्यांना गोंडांमध्ये जाण्याचे सुचवले. नागपूरच्या बिशपांनी मात्र परवाना नाकारला. तरीही १९३२ मध्ये एल्विन पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मैकलच्या डोंगरातल्या करंजियाला गेले. दवाखाना आणि शाळा चालवायची, धर्मांतर करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पुढे ते चर्चपासूनच दूर झाले. हा त्यांचा प्रामाणिक मार्ग होता. प्रत्येक श्रद्धावंताने तोच धरावा असा हट्ट धरता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये, सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी; सदस्यांत एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्तीही होते. शाळा आणि दवाखाने धर्मांतराचे साधन होतात, असा ठपका १९५६ च्या अहवालाने ठेवला आणि वैद्यकीय सेवेचा असा वापर कायद्याने बंद करण्याची शिफारस केली. अहवालाने सगळ्या मिशनरी कामावरच संशयाची सावली पाडली, हा अन्याय होता. खाटेवरच्या माणसाची काळजी मात्र खरी होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या वेळी बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत खुद्द नियोगीही होते. धर्म बदलणेच त्यांना नामंजूर असते, तर त्यांनी स्वतः हे पाऊल उचलले नसते.