प्रार्थना करणारा सेनापती

खाजगी जीवन शुद्ध असले, प्रार्थना नित्य चालू असली आणि नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे पार पाडले, तर ख्रिस्ताचा शिष्य म्हणून मनुष्याची जबाबदारी संपते काय? हा प्रश्न नोकरी करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीचा आहे. मेजर-जनरल सर हेन्री हॅवलॉक यांचे चरित्र आपल्याला त्याचा विचार करायला लावते.

हॅवलॉक यांचा जन्म १७९५ साली इंग्लंडमध्ये संडरलंडजवळ झाला. १८१५ साली ते सैन्यात दाखल झाले व १८२३ साली हिंदुस्थानात आले. त्या समुद्रप्रवासात एका सहकारी अधिकाऱ्याच्या सहवासात त्यांचा विश्वास जिवंत झाला. सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांची कन्या हॅना हिच्याशी १८२९ साली त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्रिटिश सैन्यात बढती विकत घेता येत असे. हॅवलॉक यांच्याजवळ पैसा नव्हता. कॅप्टन होण्यास त्यांना २३ वर्षे लागली. ब्रह्मदेश, अफगाणिस्तान, शिंद्यांच्या सैन्याशी १८४३ साली झालेली महाराजपूरची लढाई, शीख युद्ध, इराण अशा अनेक मोहिमा त्यांनी पाहिल्या. शिपायांना जमवून ते पवित्र शास्त्र वाचीत व त्यांना दारूपासून दूर ठेवीत. या शिपायांना इतर लोक थट्टेने ‘हॅवलॉकचे संत’ म्हणत.

मग १८५७ साल उजाडले. १२ जुलै रोजी हॅवलॉक यांनी फत्तेपूर जिंकले. आपल्या आज्ञापत्रात त्यांनी विजयाचे श्रेय ब्रिटिश तोफखाना, एनफील्ड रायफल, ब्रिटिशांचे धैर्य आणि न्याय्य कार्यावरील सर्वसमर्थ देवाचा आशीर्वाद यांना दिले. ते शहर मात्र लुटले व जाळले गेले. १५ जुलै रोजी कानपूरच्या बिबीघरात सुमारे २०० स्त्रियांची व मुलांची निर्घृण हत्या झाली. दोन दिवसांनी हॅवलॉक तेथे पोहोचले. लूट करणाऱ्या गोऱ्या शिपायालाही फाशी देण्याची ताकीद त्यांनी दिली. परंतु लखनौकडे निघताना कानपूर त्यांनी जनरल नील यांच्या हाती सोपविले. नील यांनी कैद्यांना बिबीघरातील रक्त साफ करावयास, कोणाला ते जिभेने चाटावयास लावले व मग फासावर चढविले. नील हेही भाविक होते. आपल्या कृत्यांमागे देवाचा हात आहे, असा त्यांचा विश्वास होता. पुढे हॅवलॉक यांनी नील यांना अतिशय कडक पत्र लिहिले, पण त्याचा विषय कैद्यांचा छळ हा नव्हता. माघारीच्या निर्णयावर नील यांनी केलेली उद्धट टीका हा होता.

त्याच फत्तेपूरचे पाळक गोपीनाथ नंदी. बंडाच्या धामधुमीत ते पत्नी व मुलांसह अलाहाबादेस पकडले गेले. पाय खोड्यात अडकविले असताही त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नाही. नील यांच्या सैन्याने अलाहाबाद घेतल्यावर त्यांची सुटका झाली. आणि त्याच सैन्याने तेथील कितीतरी निरपराध माणसांना झाडांवर लटकाविले. हे दोन्ही सत्य आहे. सुटकेबद्दल देवाचे आभार मानणे योग्यच. पण त्या आभारांच्या आड फासाची झाडे लपविणे योग्य नव्हे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका, पगारात तृप्त राहा, असे सांगितले (लूक ३:१४). हॅवलॉक स्वतः निर्लोभी होते. मात्र मीखा संदेष्टा नीतीने वागणे, दयेची आवड धरणे व देवासमोर नम्रतेने चालणे या तीन गोष्टी एकत्र मागतो (६:८). त्यांतील नम्रता हॅवलॉक यांच्यात होती. दयेची आवडही शिपायांच्या आत्म्यांविषयीच्या कळकळीत दिसते. न्यायाचा प्रश्न मात्र त्यांनी वरिष्ठांवर व सरकारवर सोडून दिला. आपले कार्य न्याय्य आहे हे त्यांनी गृहीतच धरले होते, आणि त्यांच्या प्रार्थनेनेही तो प्रश्न विचारला नाही.

त्यांना दोष देणे आज सोपे आहे. २४ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौजवळ ते आमांशाने वारले, ते शांतपणे, प्रभूवर भरवसा ठेवून. त्या विश्वासाची थट्टा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्यांचा पुतळा आहे. अंदमानातील त्यांच्या नावाचे बेट २०१८ पासून ‘स्वराज द्वीप’ झाले. नावे बदलतात; प्रश्न उरतो.

तो आता आपला आहे. आपल्यापैकी कोणी सैन्यात आहेत, कोणी पोलिसात, कोणी कचेरीत वा कारखान्यात. आपण लाच घेत नाही, रविवारी उपासना चुकवीत नाही. परंतु ज्या कागदावर आपण सही करतो त्याने कोणाची झोपडी पाडली जाते, कोणाची रोजी जाते, हे आपण विचारतो काय? सकाळी प्रभूपुढे गुडघे टेकताना एवढी एक विनंती करावी, की आज माझ्या हातून होणाऱ्या कामाकडे तुझ्या दृष्टीने पाहण्याचे धैर्य मला दे.