नावामागचा पत्ता

आमच्या शाळेचा एक तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे, इंटरनेटवरचा. दहावी झालेल्या मुलामुलींना कोणकोणत्या शिष्यवृत्त्या मिळू शकतात, त्यांचे अर्ज कुठे भरायचे, कागदपत्रे कोणती लागतात, हे सारे त्यात मांडलेले असते. मी मराठी शिकवते. पण कादंबऱ्या लिहिते त्या अर्थी हिला टंकलेखन येतच असणार, असा निष्कर्ष काढून मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. तक्ता ज्या ऑनलाइन सेवेवर केला होता ती तशी चांगली होती. नावाला रकाना, तारखेला रकाना, फोन नंबराला रकाना. लिंकसाठीही रकाना होता. पण त्यात लिंकचा पत्ता जसाच्या तसा दिसे. त्यावर आपल्या मनाचे नाव लिहिण्याची सोय नव्हती.

यात एवढे काय बिघडले, असे ज्यांना वाटेल त्यांनी मराठी विकिपीडियावरचे एखादे पान उघडावे आणि त्याचा पत्ता उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावा. बहुतेक वेळा देवनागरीतल्या एकेका चिन्हाचे यंत्राच्या लिपीत तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यापुढे टक्क्याची खूण येऊन बसते. एकट्या ‘म’चे ‘टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई’ असे होते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे. त्याच्या होतात ४५ खुणा. आपल्या भाषेचे नाव असे सोलून वाळत घातलेले पाहिले म्हणजे जीव कासावीस होतो. इंग्रजी पत्ते निदान वाचता तरी येतात. पण तेही इतके लांब की रकान्यातून बाहेर लोंबत असतात.

ही तक्रार माझ्या एकटीची नव्हती. असे तक्ते वापरणारे लोक जगभर तेच मागत होते: पत्ता तुमचा तुम्ही ठेवा, पण वर आम्हाला आमचे नाव लिहू द्या. कुणी सूत्राचा आडमार्ग काढी, कुणी लिंकच्या जागी बटण बसवी. पण बटणावर लिहिलेले नाव साऱ्या रकान्याला एकच. एक्सेल किंवा गूगल शीट्स यांत ‘हायपरलिंक’ नावाचे सूत्र आहे, त्यात आधी पत्ता द्यायचा आणि मग नाव, की झाले काम. मग इथेच अडले कुठे? मीही त्या सेवेला एक पत्र धाडले; शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्या माणसाचा सगळा ठसका त्यात होता.

पत्र पाठवल्यावर मात्र माझे मलाच नवल वाटले. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसे इतकी हट्टाला का पेटतात? पत्त्यावर बोट ठेवले की पान उघडते. काम भागते. तरीही आपल्याला वर नाव हवे असते.

माझ्या आजोळी जमिनीच्या तुकड्यांना नावे होती. चिंचेचे वावर, थोरली पट्टी, म्हसोबाचा माळ. आजोबांना एकाही तुकड्याचा गट क्रमांक पाठ नव्हता. तो तलाठ्याला पाठ असावा अशी त्यांची समजूत होती. चिंचेचे झाड कधीच गेले होते, तरी वावर चिंचेचेच राहिले. पुढे वाटणीच्या वेळी मी पहिल्यांदा सातबाऱ्याचा उतारा नीट वाचला, तेव्हा एक मौज दिसली. त्या नमुन्यात गट क्रमांकाच्या सोबतीला ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो! म्हणजे सरकारी दप्तर बांधणाऱ्या कुणालातरी हे सुचले होते की क्रमांक दप्तरासाठी आणि नाव माणसासाठी. आणि एकाच कागदावर दोघांनाही जागा हवी. आमच्या उताऱ्यावर तो रकाना कोरा होता, ही गोष्ट वेगळी.

छापील कोशांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातली एखादी नोंद वाचताना ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेले असते. ते बोट म्हणजे लिंकच. पण तिथे नाव हाच पत्ता असतो. कोश अकारविल्हे लावलेला; नाव कळले की जागा कळली. ग्रंथपालाने कपाट हलवले तरी बिघडत नाही.

नाव आणि पत्ता यांची फारकत झाली ती पुढे. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन या अमेरिकन गृहस्थाने १९६५ साली रूढ केला. त्याच्या मनात होते ते कधीही न तुटणारे, दोन्ही बाजूंनी चालणारे दुवे. टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जालाची जी कल्पना मांडली आणि पुढे उभी केली, ती त्याहून साधी होती. त्याच्या लिंकचे दोन भाग: एक पत्ता, जो यंत्र वाचते, आणि एक मजकूर, जो माणूस वाचतो. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असलाच पाहिजे असा नियम नाही. ‘काशी’ लिहून खाली रामेश्वराचा पत्ता द्या, यंत्र मुकाट्याने रामेश्वराला नेऊन सोडील. या ढिलेपणामुळेच जाल झपाट्याने पसरले असे म्हणतात. असेलही. पण त्यात लिंक लिहिणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता गेली याचा विचार मी तरी तेव्हा केला नव्हता.

उलट नावाची बाजू घ्यायला माझ्याजवळ एक भक्कम कारण होते. माझा एक जुना विद्यार्थी दृष्टिहीन आहे. संगणकावर तो एनव्हीडीए नावाचा वाचक वापरतो. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. दोघा दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो घडवला आणि तो फुकट मिळतो. मुलाला मी आमचा तक्ता पाठवला, तर त्याचा फोन आला. “बाई, तुमचा तक्ता ऐकताना टक्केच टक्के ऐकू येतात. बँकेत बसल्यासारखं वाटतं.” मी हसले, पण फोन ठेवल्यावर हसू टिकले नाही. पानावरच्या लिंकांची तेवढी यादी ऐकून तो कुठे जायचे ते ठरवतो. त्याच्यासाठी लिंकचे नाव हीच दाराची पाटी. ‘येथे क्लिक करा’ असे लिहू नका, पुढे काय आहे ते लिहा, असे जालाचे दंडक ठरवणारी मंडळी कितीतरी वर्षे सांगत आली आहेत ते याचसाठी. मी तक्ता दुसऱ्या एका सेवेवर नेला आणि एका सुट्टीत बसून साऱ्या लिंकांना सुरेख मराठी नावे दिली. काम संपल्यावर, एखादे प्रकरण चांगले उतरले म्हणजे वाटते तसे वाटले.

आता जे सांगायचे ते सांगते.

२०२३ च्या जून महिन्यात मी तक्ता नव्या वर्षासाठी तयार केला. गेल्या वर्षीची ओळ उचलायची, खाली उतरवायची, साल बदलायचे, हा क्रम. एका शिष्यवृत्तीच्या ओळीत मी नाव बदलले: ‘यंदाचा अर्ज येथे भरा’. खालचा पत्ता बदलायचा राहिला. तो गेल्या वर्षीचाच होता. त्या पानावर लिहिलेले होते की अर्ज स्वीकारणे बंद झाले आहे.

आमच्या एका मुलीला त्या शिष्यवृत्तीची गरज होती आणि ती मिळण्याजोगे गुणही होते. वडील टेम्पो चालवतात. त्यांनी स्टँडवर उभ्याउभ्या मोबाईलवर माझा तक्ता उघडला, माझ्या नावावर बोट ठेवले, ‘बंद’ वाचले आणि घरी जाऊन मुलीला सांगितले की यंदा उशीर झाला. सप्टेंबरात मी सहज विचारले तेव्हा मला हे कळले. खऱ्या पानावरची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत होती.

त्या रात्री मी तो पत्ता उघडून पाहिला. त्या लांबलचक, ओंगळ पत्त्याच्या शेपटाशी २०२२ हे साल होते. मी ज्याची किळस केली होती त्यानेच खरे सांगितले असते. टेम्पोवाल्या माणसाला इंग्रजी बेताचे येत असेल, पण आकडे त्याला माझ्यापेक्षा लवकर दिसतात. परमिट, विमा, पीयूसी, सगळा व्यवहार सालांचा. उघडा पत्ता समोर असता तर तो थबकला असता. मी त्यावर माझे गोजिरे नाव पांघरले आणि साल झाकले गेले. संगणकावर लिंकवर बाण नेला की बहुधा खालच्या कोपऱ्यात पत्ता उमटतो. मोबाईलवर बोट टेकले की दार उघडलेच.

लबाड लोक हे जाणूनबुजून करतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. बँकेचे नाव आणि चोराचा पत्ता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही, ते पोलिसांचे काम. मला छळतो तो दुसरा प्रश्न. ज्याच्या मनात कपट नाही, ज्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठीच नाव दिले, त्याच्या नावाचे देणे काय?

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे, ज्याच्यावर विसंबावे अशा माणसाचे. उघडा पत्ता वाचून माणूस अनुमान करतो. पान उघडले की प्रत्यक्ष. पण नुसते नाव वाचून तो जेव्हा बोट पुढे करतो तेव्हा त्याच्यापाशी शब्दाखेरीज काही नसते. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईकही, हे मला नेहमीच सूचक वाटत आले आहे. नाव देणारा वाचणाऱ्याचा आप्त होऊन बसतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आणि हे नाते एका दिवसापुरते नाही. पाने नाहीशी होतात, जागा बदलतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडेनाशी झालेली आढळली. मुळातले पत्ते बदलू नयेत असे बर्नर्स-लीने १९९८ सालीच कळकळीने लिहून ठेवले, ऐकतो कोण? म्हणजे मी आज दिलेले नाव उद्या खोटे ठरू शकते, मी काहीही न करता. कादंबरीचे नाव एकदा छापले की त्यामागची पाने पळून जात नाहीत. लिंकला नाव देणे म्हणजे मात्र पाटी लिहून रोज उठून ते घर जागेवर आहे का हे पाहणे आले. मी जेव्हा तावातावाने ते पत्र लिहिले तेव्हा हक्क मागत होते. सोबत येणारी ही पहारेकऱ्याची नोकरी मला दिसली नव्हती.

मग नावे काढून टाकायची? मग माझ्या विद्यार्थ्याने टक्के ऐकत बसायचे. ते मला पटत नाही.

त्या मुलीची फी तिच्या काकांनी भरली. मी भरू का, असे मी वडिलांना विचारले होते. “तुम्ही का म्हणून भरणार बाई? कॉम्प्युटरची चूक,” असे ते म्हणाले, आणि मी गप्प राहिले. हे लिहिताना हात अडखळतो. पण मी गप्प राहिले. चूक माझी आहे असे त्या क्षणी सांगायला हवे होते. तसे केले नाही. दोन महिने गेले. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेले आणि मग सगळे सांगितले. गेल्या वर्षीची ओळ, बदललेले नाव, न बदललेला पत्ता. ते ऐकून घेत होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेवटी ते म्हणाले, “बाई, तक्ता तुमचा व्हता. म्हणून तर मी दुसरीकडं इचारलंच न्हाई.”

रागावून म्हणाले नाहीत. चकली पुढे केली आणि पुढच्या वर्षी केव्हा बघायचे ते विचारले.

आता तक्त्यात नावाच्या रकान्याला लागून पत्त्याचा रकाना आहे, उघडा, शेपटासकट. त्यापुढे ‘पान शेवटचे कधी उघडून पाहिले’ याची तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव. माझ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याने नुसती लिंकांची यादी ऐकली तर त्याला फक्त नावे ऐकू येतात, कारण पत्त्याच्या रकान्यातल्या मजकुराची लिंक होणार नाही एवढी काळजी घेतली आहे. ती युक्ती गणिताच्या सरांची. तेच सर म्हणतात की तक्ता पूर्वी किती देखणा होता, आता अगदी तलाठ्याच्या दप्तरासारखा दिसतो. दर सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही दोघे एकेक पान उघडतो. गेल्या सोमवारी तीन मेलेली निघाली.