न्याय्य पगाराची कसोटी

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या हुबळीत एक आगळाच स्वागतसमारंभ झाला. सभागृह सजले, पाहुणे जमले. पण नवदांपत्य भुवनेश्वरला अडकून पडलेले. विमानच मिळाले नाही. अखेर पडद्यावर त्यांचे दर्शन घेऊन मंडळींना आशीर्वाद द्यावे लागले.

त्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या होत्या. त्यातून जे नवे नियम लागू झाले, त्यांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्री विमान उतरवण्यावर कडक मर्यादा आल्या. नियमांच्या तारखा आधी जाहीर असूनही कंपनीची तयारी अपुरी पडली. आमच्या शिक्षकखोलीत मात्र खापर वैमानिकांवर फुटले. एक सहकारी म्हणाले, "लाखांनी पगार घेतात आणि वर झोप पुरत नाही म्हणतात! मग हमालाने काय करावे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचे पोट भरलेले आहे, त्याने संघटित होऊन आणखी मागणे नीतीला धरून आहे काय?

विश्रांतीपुरते उत्तर सोपे आहे. हुबळी हे रेल्वेचे गाव. इंजिनचालकाला आता 'लोको पायलट' म्हणतात. या चालकांनी ऑगस्ट १९७३ मध्ये देशभर संप केला, तो कामाचे तास दहावर आणावेत म्हणून. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. थकवा पगाराचा आकडा विचारून येत नाही. चालकाच्या झोपेत मागच्या डब्यांतल्या शेकडो माणसांचाही वाटा असतो.

पगाराचे उत्तर इतके सोपे नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या. पगाराच्या पद्धती मात्र दोनच राहिल्या. २७ एप्रिल २०११ रोजी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. समान कामाला समान वेतन, ही त्यांची मुख्य मागणी. दिल्ली उच्च न्यायालयाने कामावर परतण्यास सांगूनही ते हटले नाहीत, आणि दहा दिवस प्रवाशांचे हाल झाले. मागणी न्याय्य असली म्हणून मार्गातले सगळेच न्याय्य ठरते असे नाही. तरीही मागणी खोटी नव्हती. पुढे वेतन आणि बढतीचा हा गुंता सोडवण्याचे काम न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे गेले.

दुसऱ्याच वर्षी दुसरा संप झाला. ८ मे २०१२ पासून ५८ दिवस. या वेळी संपावर होते ते मूळ एअर इंडियाचे वैमानिक. नव्या बोइंग ७८७ विमानाचे प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. आपली बढती मागे पडेल ही त्यांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण फरक पाहा. पहिली मागणी होती, 'शेजाऱ्याला आहे ते मलाही द्या.' दुसरी होती, 'मला आहे ते शेजाऱ्याला देऊ नका.' दोन्हीकडे एकजूट होती, त्याग होता, घोषणाही सारख्याच असतील. म्हणजे एकजूट हा न्यायाचा पुरावा नव्हे, आणि पगार किती हाही नव्हे. ही मागणी शेजारच्या माणसाला पुढे आणते की मागे लोटते, ही खरी कसोटी.

हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची शंका आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी साहाय्यक शिक्षक होतो. अनुदानावरच्या आम्हा शिक्षकांना वेतनातील फरक हवा होता. अर्ज कन्नडमध्ये द्यायचा आणि माझे कन्नड अक्षर बरे, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कन्नडमध्ये पगाराला 'संबळ' म्हणतात. "गोंधळ्याचे संबळ वाजवल्याशिवाय हे संबळ मिळायचे नाही," असा विनोदही झाला. शाळेत दोन बाई तात्पुरत्या होत्या. वर्ग आमच्याइतकेच, पगार आमच्या चौथ्या हिश्शाहून कमी. त्यांतल्या एक म्हणाल्या, "सर, आमचीही एक ओळ घाला की." मी म्हणालो, "आधी हे पदरात पडू दे, मग तुमचे बघू."

आमचे पदरात पडले. त्यांचे बघायचे राहून गेले. कोणी दुष्टपणा केला नाही. फक्त ती ओळ लिहिली गेली नाही. पुढच्या जूनमध्ये त्या बाई आल्या नाहीत. गोंधळ्याच्या संबळाची दोन भांडी एकत्र बांधलेली असतात, हे त्या विनोदाच्या वेळी आम्हांपैकी कुणालाच सुचले नाही.

म्हणून सहकाऱ्यांना मी इतकेच सांगितले: वैमानिकाने मागू नये असे नाही, जरूर मागावे. पण विमानात सामान चढवणाऱ्या कंत्राटी हमालाची ओळ त्याच्या अर्जात आहे का, हे त्याला विचारा. आणि मग आपला अर्ज काढून पाहा.

आज तात्पुरत्या शिक्षकांचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. शिफारस मी स्वतःच्या हाताने लिहितो. पैसे दरवेळी मंजूर होतातच असे नाही. पण 'मग बघू' हे दोन शब्द आता माझ्या तोंडून निघत नाहीत.