इथे करतो, पण आज मी आहे ना!

स्टॉकहोमला येऊन दोनच महिने झाले होते. टीममधला एक जण मीटिंगमध्ये सहज म्हणाला, "सोमवारपासून सात महिने मी नाही. मुलीला सांभाळायला घरी आहे." बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घेतलं. कुणी कौतुक केलं नाही की टोमणा मारला नाही. मला वाटलं, इथले पुरुष आपल्यापेक्षा मुळातच चांगले असणार.

मग नियम वाचले. स्वीडनने १९७४ साली आईची रजा बदलून ती दोन्ही पालकांची केली. पण नुसती मुभा मिळाल्यावर बहुतेक बाप कामावरच राहिले. म्हणून १९९५ मध्ये प्रत्येकासाठी एक महिना राखून ठेवला. बापाने तो घेतला नाही तर बुडाला, आईला देता येत नाही. २००२ मध्ये दोन महिने झाले, २०१६ पासून प्रत्येकी ९० दिवस. एकूण रजा ४८० दिवसांची आणि आजही त्यातले जास्त दिवस बायकाच घेतात.

म्हणजे हा चांगुलपणा कायद्याने आणलेला. मग तो खरा म्हणायचा का? माझं तेव्हाचं उत्तर होतं, नाही. खरं ते आतून यायला हवं. माझ्यासारखं. मी तर कुणी न सांगता रोज स्वयंपाक करत होतो, भांडी घासत होतो.

उन्हाळ्यात आई-बाबा आले. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर आई उठली आणि मी लॅपटॉप उघडला. तीन दिवस हेच चाललं आणि माझ्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी बाबांनीच विचारलं, "अगं, हा इथे सगळं स्वतः करतो ना?" आई म्हणाली, "इथे करतो, पण आज मी आहे ना!"

तेव्हा कळलं, मी भांडी घासत होतो कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या आतही एक नियमच बसला होता, फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता. आपल्याकडे लिहिलेलंही फार वेगळं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला २६ आठवडे रजा मिळते, केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, आणि खाजगी नोकरीतल्या बापासाठी देशभर लागू असा कायदाच नाही. मूल कुणाचं काम आहे, हे यात आलंच.

कायद्याने घरी बसलेला माझा सहकारी खोटा, तर सवयीने बसून राहिलेला मी खरा कसा? फरक इतकाच, की त्याला उठणं सोपं करून दिलंय. मला अवघडल्यासारखं होत असतानाच उठावं लागणार. पण म्हणून बसून राहायची सूट मिळत नाही.

पाचव्या दिवशी मी आईच्या आधी उठलो. तिला आवडलं नाही. "मी काय पाहुणी आहे का?" म्हणाली. घरात जे काम फक्त तिचं होतं, तेच मी काढून घेत होतो. तिला काय सांगावं, मला सुचलं नाही. भांडी मात्र मी घासली. ती शेजारी उभी राहून पुसत होती.