‘मिळाले’ म्हणण्याची जोखीम

दुसऱ्याची वस्तू आपण हातात घेतली की आपल्यावर नेमके काय येऊन पडते, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. कोणी विश्वासाने दागिने ठेवून जातो, कोणी निरोप सांगून जातो, कोणी शेजाऱ्याचे पत्र आपल्या हाती देऊन जातो; आपण ‘बरं’ म्हणतो आणि तो निश्चिंत होऊन निघून जातो. त्या ‘बरं’चे वजन किती? मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत निक्षेप, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, हे एक स्वतंत्र पद आहे. एवढ्यावरूनही हा प्रश्न लोकांना किती पूर्वीपासून छळतो आहे ते दिसते. युनिक्स जातीच्या संगणकावर ई-मेलचा सर्व्हर कोणता बसवावा आणि तो कसा लावावा, या निव्वळ तांत्रिक समजल्या जाणाऱ्या कामात तोच प्रश्न अत्यंत स्वच्छ रूपात उभा राहतो. म्हणून साहित्याच्या अंकात या विषयाचे काय काम, असे कोणी विचारू नये.

ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते ती एका छोट्या संवादातून. पाठवणारे यंत्र घेणाऱ्याला हाक मारते, आपले नाव सांगते, पत्र कोणाकडून आहे आणि कोणासाठी आहे ते सांगते, मग मजकूर देते आणि शेवटी एका ओळीवर नुसता एक टिंब ठेवते. टिंब म्हणजे ‘माझे सांगून झाले’. पलीकडून २५० हा आकडा आला की व्यवहार पुरा. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये हे नियम एसएमटीपी या नावाने लिहून काढले आणि जगाचा पत्रव्यवहार आजही ढोबळमानाने याच बोलीत चालतो. या २५० चा अर्थ ऑक्टोबर १९८९ मध्ये निघालेल्या नियमावलीत अगदी निःसंदिग्धपणे सांगितला आहे. ज्या यंत्राने हा आकडा उच्चारला त्याने पत्राची जबाबदारी पत्करली. त्याने ते पोचवावे, पुढच्या यंत्राकडे द्यावे, किंवा जमले नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे. यंत्र नंतर बंद पडले, जागा पुरली नाही, असल्या सबबी तिथे ऐकून घेतल्या जात नाहीत. तांत्रिक कागदपत्रांत इतकी नैतिक भाषा क्वचितच आढळते.

आता टिंब आणि २५० यांच्या मधला क्षण पाहावा. पत्र आले आहे, पण ते यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत आहे. वीज गेली की पुसले जाणार. आणि वीज कशी जाते हे आपल्या भागातल्या वाचकाला सांगायला नको. म्हणून चांगला सर्व्हर पत्र आधी डिस्कवर उतरवतो, ते खरोखर उतरले याची खात्री करून घेतो आणि मगच ‘मिळाले’ म्हणतो. याला वेळ लागतो. सेंडमेल या जुन्या सर्व्हरमध्ये ‘सुपरसेफ’ नावाचा एक पर्याय आहे. तो बंद केला की ही खात्री करण्याचे कष्ट वाचतात, यंत्र चपळ होते, वरिष्ठही खूश होतात. मग कधीतरी एखाद्या रात्री वीज जाते आणि दहा-वीस पत्रे नाहीशी होतात. कोणती, ते कधीच कळत नाही. तक्रार येण्याचीसुद्धा सोय नाही, कारण हरवले काय हेच कोणाला ठाऊक नसते. पकडले जाण्याची शक्यता अजिबात नसताना माणूस कसा वागतो, याची एवढी शुद्ध परीक्षा व्यवहारात सहसा मिळत नाही.

नुकसान कोणाचे होते? समजा, खानापूरच्या एका मुलाने नोकरीचा अर्ज शेवटच्या दिवशी ई-मेलने धाडला. त्याच्या बाजूच्या यंत्राला २५० मिळाले. नोंदवहीत ‘पाठवले’ असे लिहिले गेले. पलीकडच्या कचेरीत अर्ज आलाच नाही. मुलगा म्हणतो, पाठवला होता. कारकून म्हणतो, मिळाला नाही. दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघेही एकमेकांना लबाड समजत आहेत. पत्र हरवते ते हरवतेच, शिवाय दोन सज्जन माणसांचा एकमेकांवरचा विश्वास हकनाक जातो. टपालखात्याच्या जुन्या रिवाजात निदान शेरा मारून पाकीट परत येत असे: ‘मालक घेत नाही’, ‘पत्ता सोडून गेला’. शेरा कडू असला तरी तो उत्तर होता.

तेव्हा सर्व्हर निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हा ‘मिळाले’ कधी आणि कशाच्या बळावर म्हणतो? नावे मुख्यतः चार घ्यावी लागतात. सेंडमेल हा एरिक ऑलमन यांनी बर्कलेच्या विद्यापीठात लिहिला आणि १९८३ च्या सुमारास तो बर्कले युनिक्सबरोबर सर्वत्र पोचला. त्या काळी अनेक जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ते लिहिण्याची रीत वेगळी. सेंडमेल हा त्यांच्यातला दुभाषी. कोणत्याही रीतीचा पत्ता घेऊन तो दुसऱ्या रीतीत फिरवून देई, आणि त्यासाठी लागणारी त्याची मांडणीची फाईल अशी की वाचणाऱ्याला वाटावे मांजर टंकावरून चालत गेले. दुभाष्याला सगळ्या दारांतून जावे लागते. तसा हा एकच मोठा कार्यक्रम यंत्रावरचे सर्वोच्च अधिकार घेऊन चाले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा हजारो यंत्रांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक होती ती सेंडमेलमध्ये दुरुस्तीच्या सोयीसाठी उघडे राहिलेले एक दार. एक्झिम हा फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये केंब्रिजला लिहिला. तो लवचीक आहे, एकसंध आहे, आणि एका विद्यापीठाच्या रोजच्या गरजांतून वाढलेला आहे.

उरलेले दोघे अविश्वासाच्या पायावर उभे आहेत, आणि मला त्यांचेच अधिक कुतूहल वाटते. डॅनियल बर्नस्टाईन यांच्या क्यूमेलने आणि १९९८ च्या अखेरीस आयबीएमच्या संशोधनशाळेतून वीट्से वेनेमा यांनी बाहेर आणलेल्या पोस्टफिक्सने एका सर्व्हरचे अनेक छोटे कार्यक्रम केले. दारात उभा राहणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पेटीत टाकणारा वेगळा. कोणालाच गरजेपेक्षा जास्त अधिकार नाही आणि कोणीही दुसऱ्याचे म्हणणे तपासल्याशिवाय मानत नाही. बर्नस्टाईन यांनी तर १९९७ मध्ये सुरक्षेचे छिद्र दाखवणाऱ्याला ५०० डॉलरचे बक्षीस लावले. घरातल्या माणसांनी एकमेकांवर पहारा ठेवायचा, म्हणजे बाहेरच्याला घरावर भरवसा ठेवता येईल, असा हा उलटा न्याय आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो प्रथम खटकतो. पण बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्यात आपण अपमान मानत नाही.

मात्र याच शिस्तीतून एक विलक्षण पेच निघाला. क्यूमेलचा दारवान घरात कोण राहते हे जाणत नाही. त्याला ते जाणण्याचा अधिकारच दिलेला नाही. त्यामुळे मूळ क्यूमेल आपल्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र आधी घेतो, २५० म्हणतो, आणि असा कोणी माणूस इथे नाही हे आत गेल्यावर कळले की प्रामाणिकपणे पाठवणाऱ्याकडे परत करतो. नियमाप्रमाणे यात काहीच चूक नाही. दिलेला शब्द पाळलाच आहे. परंतु कचरा-पत्रे पाठवणारे लोक पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच कोणाचा तरी पत्ता लिहितात. मग न पोचलेली पत्रे ज्याने कधी पत्र लिहिलेच नाही अशा तिसऱ्याच्याच दारात येऊन पडतात, कधी शेकड्यांनी, कधी हजारांनी. आपल्या घराची सुरक्षितता, शब्दाचे पालन, दोन्ही सद्गुण शाबूत आहेत, आणि शिक्षा निरपराध्याला होते आहे. शब्द पाळला म्हणजे कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाकडे जरूर पाहावे. इथे खरा दोष शब्द मोडण्यात नसून तो फार सहज देण्यात आहे. जे पेलणार नाही ते दारातच नाकारावे. दारात ५५० म्हटले, म्हणजे कायमचा नकार दिला, तर पत्र अजून पाठवणाऱ्या यंत्राच्याच हातात असते आणि पुढचे काय ते त्याने आपल्या माणसाला सांगायचे असते.

पोस्टफिक्स आपल्या आवृत्ती २.० पासून स्थानिक नावांची यादी दारातच पाहतो. आणि त्याच्या मांडणीच्या फाइलीत एक सूचना लिहिलेली आहे, ती मला मानवी वाटते. अनोळखी नावाला ५५० म्हणणे ही ठरलेली रीत. पण आपली यादी बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत ४५० म्हणणे अधिक सुरक्षित. ४५० म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाठवणारे यंत्र पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा येत राहते. पोस्टफिक्स स्वतः पाठवतो तेव्हा पाच दिवस धीर धरतो. यादीत एखाद्या बाईंचे नाव चुकून राहिले असेल तर तेवढ्यात ध्यानात येते आणि पत्र वाचते. आपल्याच ज्ञानाबद्दल शंका असताना दुसऱ्याला कायमचा नकार देऊ नये, हे एका आकड्यात बसवले आहे.

उदारपणाचेही असेच. पूर्वी कोणीही कोणाच्याही यंत्राकडे पत्र द्यावे आणि त्याने ते पुढे न्यावे, असा शिष्टाचार होता. वाटसरूला पाणी द्यावे तसा. कचरा-पत्रांनी तो संपवला. १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीने परक्याचे पत्र पुढे नेणे मुळातच बंद ठेवले. अमेरिकेतले जॉन गिलमोर यांनी आपले यंत्र सर्वांना खुले ठेवण्याचा आग्रह धरला, आणि २००१ मध्ये त्यांना जोडणी पुरवणाऱ्या व्हेरिओ कंपनीशी त्यावरून त्यांचा वाद झाला. दुसऱ्याच्या भाषणस्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर आहे. तरी त्यांच्या दाराने जे कचरा-पत्र जाईल ते उघडायचा त्रास तिसऱ्यालाच पडणार, याचे समाधानकारक उत्तर मला त्यांच्या बाजूने देता येत नाही.

सर्वांत वाईट प्रकार राहिला. २५० म्हणायचे, आणि मग गाळणीला संशय आला म्हणून पत्र मुकाट्याने फेकून द्यायचे. पोस्टफिक्समध्ये यासाठी ‘डिसकार्ड’ हा शब्द आहे. एक ओळ लिहिली की काम भागते. यालाही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. नकार कळवला की कचरा पाठवणारा शहाणा होतो. परत पाठवले तर वर सांगितल्याप्रमाणे निरपराध्याला त्रास. २००८ ची सुधारित नियमावलीही पत्र उघड फसवणुकीचे आहे अशी फार मोठी खात्री असेल तेव्हा ते गुपचूप टाकण्याला वाव ठेवते, पण अशाने टपालावरचा विश्वासच डळमळतो असा इशाराही देते. माझे म्हणणे असे, की खात्री कोणाची, हे विचारले पाहिजे. गाळणी गुण मोजते. मराठी अर्ज तिला ओळखीचा असेलच असे नाही. टिंब आल्यावर, पण २५० म्हणण्यापूर्वी, मजकूर तपासून तिथेच नकार देता येतो. यंत्राला भार पडतो, संवाद लांबतो, महाग यंत्र घ्यावे लागते. म्हणून पुष्कळजण तसे करत नाहीत. खर्च वाचवण्यासाठी खोटे बोलणे या साध्या नावाने त्याला कोणी संबोधत नाही, एवढेच.

या सगळ्याला जाब देणारे कोणी असावे म्हणून १९८२ च्या नियमांतच प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्तर’ या नावाची एक पेटी असलीच पाहिजे असे घातले आहे. कोणाचेही नाव माहीत नसलेल्या परक्याने तिथे लिहावे. पोस्टफिक्सबरोबर येणाऱ्या उपनावांच्या यादीत ही पेटी रूटकडे, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याकडे, वळवलेली असते. रूटची पत्रे कोणी वाचायची ती ओळ मात्र कच्ची सोडलेली असते: अलीकडे जाळीचे चिन्ह मारून ती निष्क्रिय केलेली, आणि नावाच्या जागी इंग्रजीत नुसते ‘तुम्ही’. ते चिन्ह काढायचे, तिथे रोज पत्रे वाचणाऱ्या एखाद्या माणसाचे नाव घालायचे, ‘न्यूअलायसेस’ ही आज्ञा द्यायची आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून स्वतःच पोस्टमास्तरला पत्र टाकून ते येते का पाहायचे. पाच मिनिटांचे काम आहे.